ग्लासगोची ई-बाइक फेरी आणि व्हिस्की डिस्टिलरी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पहिल्या वेळची तयारी

ग्लासगोत गाइडबरोबर विजेच्या सायकलवरून शहर पाहायचं आणि त्यातच व्हिस्कीची डिस्टिलरी आतून बघायची, अशी साधारण अर्ध्या दिवसाची सहल मिळते. शहर पायी फिरायला मोठं आहे आणि बसमधून नीट दिसत नाही, म्हणून हा मार्ग उत्तम. पण ठाण्याहून किंवा वाशी-नेरुळहून जाणारी बरीच मंडळी शाळा सुटल्यापासून सायकलवर बसलेली नसतात, आणि ई-बाइक म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर स्कूटर येते. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने वाचा, कारण निम्मं काम घर सोडण्याआधीच उरकायचं आहे.

१. पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: सायकल आधी की ग्लास आधी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तोच कुणी विचारत नाही. काही सहलींत डिस्टिलरी शेवटी येते, सायकल तिथेच परत द्यायची असते आणि तुम्ही चालत किंवा टॅक्सीने हॉटेलवर जाता. काहींत डिस्टिलरी मध्यावर येते आणि चव घेतल्यानंतर पुन्हा तासभर सायकल चालवायची असते. दुसऱ्या प्रकारच्या वाटेला जाऊ नका. जायचंच असेल तर चवीचे ग्लास बाटलीत बंद करून सोबत देतात का, ते आधी लेखी विचारून घ्या. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच डिस्टिलऱ्या गाडी चालवणाऱ्यांसाठी छोट्या सीलबंद बाटल्या देतात. त्याला 'ड्रायव्हर्स ड्रॅम' म्हणतात. सायकल चालवणाऱ्यालाही ती मागता येते, फक्त चव सुरू होण्याआधी सांगावं लागतं.

हा फक्त सावधपणाचा मुद्दा नाही, कायद्याचाही आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात नशेमुळे नीट चालवता येत नसताना सायकल चालवणं हा गुन्हा आहे आणि त्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मोटारीसाठी असते तशी रक्तातल्या अल्कोहोलची ठराविक मर्यादा सायकलला लावलेली नाही. तुम्ही सायकल सांभाळू शकत होता की नाही, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे 'थोडीशीच घेतली' हा बचाव तिथे कामाचा नाही.

बुकिंग करताना आणखी काही गोष्टी विचारून टाका. डिस्टिलरीचं तिकीट सहलीच्या किमतीत धरलं आहे का? अनेकदा ते वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची वेळ ठरलेली असते, म्हणजे सायकलवर उशीर झाला की डिस्टिलरी हुकते. गटात किती जण असतात? एका गाइडमागे आठच्या वर लोक असतील तर सिग्नलला गट तुटतो. सर्वांत लहान सायकल किती उंचीच्या माणसासाठी आहे? पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर खाली झुकलेल्या दांड्याची सायकल, म्हणजे पाय उंच न उचलता बसता येईल अशी, आधीच नोंदवून ठेवा. पावसात सहल रद्द होते का? ग्लासगोत पाऊस नेहमीचाच, त्यामुळे बहुधा होत नाही.

२. ई-बाइक म्हणजे स्कूटर नव्हे, युलूही नव्हे

नवी मुंबईत ज्यांनी युलू, म्हणजे भाड्याने मिळणारी विजेची छोटी दुचाकी, चालवली आहे त्यांचा सर्वात मोठा गैरसमज इथे होतो. युलूची मूठ फिरवली की ती पळते. ग्लासगोत मिळणारी ई-बाइक पॅडल मारल्याशिवाय हलत नाही. ब्रिटनच्या नियमांनुसार मोटर २५० वॅटची असते, ती फक्त पॅडल मारताना साथ देते आणि ताशी १५.५ मैलांना, म्हणजे २५ किलोमीटरला, थांबते. त्यापुढे वेग हवा असेल तर तो पायांनीच काढायचा. या मर्यादेतल्या सायकलला लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही, पण चालवणाऱ्याचं वय किमान १४ हवं. लहान मुलं बरोबर असतील तर याच अटीवर बेत फिसकटतो.

मोटर कुठे बसवली आहे त्यावर सायकलचं वागणं ठरतं. आपल्याकडच्या स्वस्त ई-सायकलींची मोटर बहुतेक मागच्या चाकात असते आणि पॅडल फिरतंय की नाही एवढंच तिला कळतं, त्यामुळे ती थोडी उशिरा आणि एकदम जोर लावते. चांगल्या सहलींतल्या सायकलींची मोटर बऱ्याचदा पॅडलच्या मधोमध असते आणि तुम्ही पाय किती जोराने दाबता ते ती मोजते. हलका पाय तर हलकी साथ, जोर लावला की लगेच जोरदार साथ. सवय झाली की अतिशय नैसर्गिक वाटतं. पहिल्या पाच मिनिटांत मात्र याचमुळे माणसं दचकतात: सिग्नलला उभं असताना पाय सहज पॅडलवर टेकवला आणि सायकल पुढे सरकली. म्हणून थांबलेलं असताना एक पाय जमिनीवर, दुसरा पॅडलवर पण भार न देता, आणि दोन्ही ब्रेक दाबलेले.

वजन २२ ते २५ किलो असतं. साध्या सायकलच्या जवळपास दीडपट. चालताना जाणवत नाही, थांबताना आणि वळवताना जाणवतं.

३. कागदपत्रं

ग्लासगो ब्रिटनमध्ये आहे. युरोपच्या सहलीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. पॅरिस-स्वित्झर्लंडला जोडून स्कॉटलंड करणारे इथेच अडकतात. ब्रिटनचा 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. उन्हाळ्याच्या गर्दीत जास्त वेळ धरा.

- पासपोर्ट, आणि जुना असेल तर तोही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या किंवा धंद्याची कागदपत्रं, आयकर विवरणपत्र
- नोकरीवर रजा मंजूर झाल्याचं पत्र, त्यात परत रुजू होण्याची तारीख
- राहण्याची व्यवस्था आणि दिवसवार बेत
- मराठीतल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर: सातबारा, पेन्शनचं पत्र, विवाह नोंदणीचा दाखला
- प्रवास विमा
- सहलीची आणि डिस्टिलरीची पावती, छापील

नावांचा घोळ हा खास आपला. पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव, बँकेत नवऱ्याचं, तिकिटावर मधलं नावच नाही, असं असेल तर विवाहाचा दाखला जोडा आणि प्रत्येक बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच करा. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका.

विम्याच्या कागदात दोन वाक्यं शोधा: सायकलिंग किंवा ई-बाइक वगळलेली आहे का, आणि मद्यपानानंतरच्या अपघाताबद्दल काय म्हटलंय. दुसऱ्या बाबतीत बहुतेक पॉलिसी हात वर करतात. क्रम आधी विचारा म्हणून आम्ही सांगतो, त्याचं हेही एक कारण.

आता विमानतळाचाही घोळ होऊ शकतो. तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. ऐरोलीच्या पुलावर पोहोचल्यावर हे तपासण्यात अर्थ नाही.

४. सराव इथेच करा, चार रविवार

ग्लासगोचा गाइड दहा मिनिटं शिकवतो. ती दहा मिनिटं सायकल चालवता येणाऱ्याला ई-बाइक समजावण्यासाठी असतात, सायकल शिकवण्यासाठी नव्हे. भाड्याने किंवा ओळखीच्या माणसाकडून गिअरची सायकल मिळवा. ई-सायकल मिळाली तर उत्तमच.

पहिला रविवार: ठाण्यात उपवन तलावाजवळ, सकाळी सातच्या आत. नवी मुंबईत नेरुळ किंवा सीवूड्सच्या सेक्टरमधले आतले रस्ते. फक्त बसणं, उतरणं, थांबणं. थांबताना डावा पाय फुटपाथच्या बाजूला टेकवायची सवय लावा. ई-बाइकवरून पडणारे नवखे लोक बहुतेक वेगात पडत नाहीत, थांबता थांबता पडतात: चुकीच्या बाजूला पाय टेकतो, सायकल कलते, आणि २४ किलो एका पायावर सावरत नाहीत.

दुसरा रविवार: एका हाताने चालवणं. वळण्याआधी हात पूर्ण लांब करून दाखवायचा, उजवीकडे वळताना उजवा, डावीकडे वळताना डावा. हात दाखवून झाला की तो मुठीवर परत आणायचा आणि मगच वळायचं. बरोबरीने मान वळवून मागे बघायचाही सराव करा. मान वळली की सायकलही तिकडेच वळते, ती सरळ ठेवायला दोन-तीन तास सहज लागतात.

तिसरा रविवार: चढ. ठाणेकरांनी येऊरचा रस्ता घ्यावा, बेलापूरकरांनी पारसिक हिलचा. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करायचा, चढावर अडकल्यावर नाही. गिअर बदलताना पॅडल फिरतं ठेवायचं पण क्षणभर पायाचा जोर काढायचा. मधल्या मोटरच्या सायकलवर पूर्ण जोरात गिअर बदलला तर साखळी कडकडते, कधी निसटते, कधी तुटतेही. साध्या गिअरची सायकल उभी असताना गिअर बदलत नाही, त्यामुळे सिग्नलला थांबण्याआधीच हलक्या गिअरवर यायला शिका. नाहीतर हिरवा दिवा लागल्यावर पॅडलच दाबलं जात नाही आणि मागचा माणूस अंगावर येतो.

चौथा रविवार: रहदारी, पण बेताची. पाम बीच रोड पहाटे मोकळा वाटतो, आणि तिथल्या गाड्यांचा वेगही तेव्हाच सर्वांत जास्त असतो. नवख्याने तिकडे जाऊ नये. घोडबंदर रोड तर विसराच. कॉलनीतल्या सर्कलवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा सराव करा. ब्रिटनमध्ये हा नियम काटेकोर पाळतात. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणं दोन्हीकडे सारखंच आहे, तेवढा एक त्रास वाचतो.

५. कपडे आणि पोट

मे ते सप्टेंबर हे महिने चांगले. जूनमध्ये ग्लासगोत रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो, तेव्हा दुपारची सहल घेऊ नका. उन्हाळ्यातही तापमान आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखं धरून चाला. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण चढावर गरम होतं आणि नदीकाठी वारा झोंबतो. पावसाळ्यात स्कूटरवर घालतो तो रेनसूट नेऊ नका, आतून घामाने भिजाल. वारा अडवणारं हलकं जॅकेट घ्या. पावसात बोटं आखडली की ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून पातळ हातमोजे हवेतच.

ओढणी, लांब कुर्ता, मोकळा पायघोळ लेंगा: हे चाकात आणि साखळीत अडकतं. बूट बंद आणि सपाट तळाचे हवेत. डिस्टिलरीच्या आत जाळीच्या लोखंडी जिन्यांवरून चालावं लागतं, तिथे टाचांचे बूट अडकतात आणि उघड्या चपलांना अनेक ठिकाणी आत सोडत नाहीत.

नाश्ता भरपूर करा. उपवासाचा दिवस असेल तर सहल दुसऱ्या दिवशी ठेवा. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: हॅगिस हा तिथला प्रसिद्ध पदार्थ मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा असतो, पण त्याचा शाकाहारी प्रकार ग्लासगोत सहज मिळतो. 'व्हेजिटेरियन हॅगिस' असंच मागा. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर चव घ्यायची की नाही, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

६. सायकल ताब्यात घेताना

गाइड घाईत असला तरी पुढची पाच मिनिटं सोडू नका.

सीट: खाली गेलेल्या पॅडलवर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. नवखे असाल तर त्याहून बोटभर खाली घ्या, म्हणजे थांबताना पाय पटकन टेकतो. ब्रेक: ब्रिटनमध्ये उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तुमच्या सरावाच्या सायकलला उलटं असेल तर आत्ताच उभ्याउभ्या दाबून पाहा. ओल्या रस्त्यावर एकटा पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं, त्यामुळे दोन्ही एकत्र आणि हळूहळू. टायर अंगठ्याने दाबून बघा. बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना, ती जागेवर खटकन बसली आहे ना, ते पडद्यावर आणि हाताने, दोन्ही तपासा. ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे ५०० वॉट-अवर. वीसेक किलोमीटरच्या शहरफेरीला ती पुरून उरते. थंडीत थोडी लवकर उतरते एवढंच.

सायकल चालू करताना पॅडलवर पाय ठेवू नका. जोर मोजणारा सेन्सर त्या क्षणी शून्य ठरवतो, पाय असेल तर गणित चुकतं आणि साथ कमी-जास्त मिळते. असं झालं तर बंद करून पुन्हा चालू करा. सुरुवात सर्वांत कमी साथीच्या पातळीवर करा, बहुतेक सायकलींवर ती 'इको' असते. 'टर्बो' फक्त चढासाठी. गर्दीत टर्बोवर वळण घेतलं की सायकल वळणाबाहेर ढकलते.

हेल्मेट ब्रिटनमध्ये सायकलला सक्तीचं नाही, तरी मागून घ्या. भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. डोक्यावर मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

७. रस्त्यावर

पुढच्या सायकलपासून पाच-सहा मीटर अंतर ठेवा. ताशी १५ किलोमीटरला तुम्ही सेकंदाला चार मीटर जाता, आणि ब्रेक दाबायचा हे डोक्यात येईपर्यंतच एक सेकंद जातो. एकामागे एक चाला, गप्पा थांब्यावर. फुटपाथवर सायकल चालवणं बेकायदा आहे. निळ्या गोल पाटीवर माणूस आणि सायकल दोन्ही असतील तर तो रस्ता सामायिक, तिथे चालणाऱ्याचा मान पहिला, आणि घंटी लांबूनच हलकेच वाजवायची. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी उभं असेल तर थांबायचंच. लाल दिवा सायकललाही लाल असतो, वळून निसटायची सोय नाही. काही झालंच तर ९९९ किंवा ११२.

ग्लासगोचं मध्यवर्ती शहर गोलसर टेकड्यांवर वसलेलं आहे. हिमयुगातल्या बर्फाने मागे ठेवलेले हे मातीचे उंचवटे. कॅथेड्रल, शेजारचं नेक्रोपोलिस नावाचं टेकडीवरचं दफनस्थान, १४५१ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, १९०१ मध्ये उघडलेलं केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय, हे सगळं चढ-उतारांवर आहे. इथेच मोटरचे पैसे वसूल होतात. क्लाइड नदीचा काठ मात्र सपाट. फिनिस्टनची प्रचंड क्रेन १९३२ पासून तिथे उभी आहे. ग्लासगोत बनलेली वाफेची इंजिनं तिच्याने जहाजांवर चढवत. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह या इथल्या कंपनीने भारतीय रेल्वेसाठीही अनेक इंजिनं बांधली. पहिल्या रेल्वेच्या गावातून आलेल्या ठाणेकराने या क्रेनपाशी पाच मिनिटं जास्त मागून घ्यावीत. थोडं पुढे रिव्हरसाइड संग्रहालय लागतं, आणि तिथून पलीकडे गव्हनला जाणारा पादचारी-सायकल पूल सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला आहे. गाइडला वेळ असेल तर त्यावरून जाऊन या.

एडिंबरा निवडलंत तर दोन गोष्टी बदलतात. तिथे ट्राम आहे, आणि रुळाच्या खाचेत सायकलचं चाक बरोबर बसतं. रूळ नेहमी काटकोनाच्या जवळपास ओलांडायचे, ओले असतील तर उतरून. शिवाय जुन्या शहरातले दगडी फरसबंदी उतार हाडं खिळखिळी करतात. पहिल्या वेळेला ग्लासगो सोपं.

८. डिस्टिलरीच्या आत

नदीकाठच्या सहलींना सोयीची पडते ती क्लाइडसाइड डिस्टिलरी. १८७७ च्या एका पंप हाउसमध्ये ती २०१७ मध्ये सुरू झाली. या पंप हाउसमधून क्वीन्स डॉक नावाच्या गोदीच्या तोंडावरचा फिरता पूल पाण्याच्या दाबावर चालवला जाई. तांब्याच्या भट्ट्या काचेच्या भिंतीआड आहेत, नदीवरूनही दिसतात.

भट्टीच्या खोलीत फोन बंद करायला सांगतात, ते कडकपणा म्हणून नव्हे. हवेत अल्कोहोलची वाफ असते आणि ती पेटू शकते. आंबवण्याच्या पिंपावरचं झाकण उघडलं की वाकून खोल श्वास घेऊ नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, नाकात सुई टोचल्यासारखं होतं आणि क्षणभर श्वास अडतो. हाताने वारा नाकाकडे ओढून वास घ्या.

गाइडचं बोलणं भरभर आणि स्कॉटिश उच्चारांत असतं, म्हणून आकृती आधीच डोक्यात असू द्या. बार्ली, म्हणजे जव, भिजवून मोड आणतात आणि वाळवतात. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतो त्याच कारणासाठी: मोड आले की दाण्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. हा मॉल्ट भरड दळतात, साधारण २० टक्के टरफल, ७० टक्के कणी, १० टक्के पीठ. टरफल कमी झालं तर पाणी खाली निथळत नाही, पीठ जास्त झालं तर लगदा घट्ट बसतो. मग त्यावर गरम पाणी ओतून साखर उतरवतात, पहिलं पाणी सुमारे ६४ अंशांचं. त्याहून फार गरम झालं तर साखर करणारी द्रव्यंच मरतात. नवी मुंबईला जसं मोरबे धरणाचं पाणी, तसं ग्लासगोला लॉख कॅट्रिन या तळ्याचं. इथेही तेच वापरतात. गोड पाण्यात यीस्ट घातलं की दोन-तीन दिवसांत किंवा थोड्या जास्त वेळात आठेक टक्क्यांचं, बिअरसारखं आंबट द्रव्य तयार होतं. ते तांब्याच्या हंड्यात दोनदा उकळतात.

इथे एक गोष्ट आपल्या कानांना उलटी वाटेल. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे सर्वात अस्सल. व्हिस्कीत पहिली धार बाजूला काढतात, कारण तीत तीव्र वासाचे, लवकर उडणारे घटक असतात. शेवटची धारही बाजूला काढतात, ती जड आणि उग्र असते. दोन्ही पुढच्या खेपेत परत उकळायला जातात, आणि फक्त मधली धार, साधारण ७० टक्क्यांची, पिंपात भरायला घेतात. हा धार तोडण्याचा क्षण ठरवणं हे भट्टीवाल्याचं खरं कसब. ते पितळी चौकटीच्या काचपेटीत चालतं, तिला कुलूप असतं. गाइडला विचारायचा एकच प्रश्न निवडायचा असेल तर हा विचारा: तुमच्याकडे धार कधी तोडता?

मग पाणी घालून साधारण ६३.५ टक्क्यांवर ती ओकच्या पिंपात जाते. २००९ च्या नियमांनुसार स्कॉच म्हणवायला स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहावं लागतं, आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के उडून जातं, त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळुरूच्या उन्हात हाच वाटा दहा टक्क्यांच्या वर जातो, त्यामुळे भारतीय सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मॉल्टपासून केलेल्या व्हिस्की, लवकर पिकतात. अमृत ही बंगळुरूची सिंगल मॉल्ट २००४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली तीही ग्लासगोतच. हे सांगितलंत तर गाइडशी गप्पा छान रंगतात.

९. ग्लास हातात आल्यावर

पासपोर्ट मूळ प्रत बरोबर ठेवा, वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड कुणी ओळखत नाही. तिथे वय १८ लागतं.

आपल्याकडे स्मॉल म्हणजे ३० आणि लार्ज म्हणजे ६० मिलिलिटर. तिथल्या बारमध्ये माप २५ किंवा ३५ चं असतं, आणि चवीचे ग्लास त्याहून लहान. १५ मिलिलिटरचे तीन ग्लास, ४६ टक्क्यांचे, धरले तर शुद्ध अल्कोहोल सुमारे २१ मिलिलिटर, म्हणजे ब्रिटिश हिशेबाने दोन युनिट. हे आपल्या एका लार्जपेक्षा कमी आहे, आणि नेमकं त्यामुळेच लोक म्हणतात, 'एवढ्याने काय होतंय.' शरीराला एक युनिट पचवायला साधारण तास लागतो. दोन युनिट म्हणजे दोन तास सायकल नाही. पाणी, कॉफी किंवा सँडविचने तो वेळ कमी होत नाही.

चव घेण्याची रीत साधी. ग्लास नाकापासून थोडा दूर, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे अल्कोहोल नाकात चढत नाही. पहिला घोट अगदी छोटा, जिभेवर फिरवून. मग पाण्याचे दोन-चार थेंब, ड्रॉपर टेबलावरच असतो. वास उघडतो. बर्फ आणि सोडा मागितला तर देतील, पण थंडीने वास मिटतो आणि ज्यासाठी इतकं आलो तेच हातातून जातं. न पिणाऱ्यांनी नुसता वास घेऊन ग्लास ठेवून द्यावा. त्यात कुणाचाही अपमान नाही आणि सहलही कमी होत नाही.

१०. बाटली घरापर्यंत

स्कॉटलंडमध्ये घरी न्यायची दारू सकाळी १० ते रात्री १० एवढ्याच वेळात विकतात. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशी घ्या. युनिटमागे किमान ६५ पेन्स अशी किंमतही कायद्याने ठरलेली आहे, म्हणजे ४० टक्क्यांची ७०० मिलिलिटरची बाटली १८ पौंड २० पेन्सच्या खाली कुठेच मिळणार नाही. स्वस्ताईच्या शोधात दुकानं पालथी घालू नका. ग्लासगोत सार्वजनिक जागी दारू पिण्यावर बंदी आहे, त्यामुळे नदीकाठच्या बाकावर बाटली उघडू नका.

भारतात एका प्रवाशाला २ लिटर शुल्काशिवाय आणता येतं. तिथली बाटली ७०० मिलिलिटरची. तीन घेतल्या की २.१ लिटर, आणि त्या शंभर मिलिलिटरसाठी कस्टमच्या रांगेत उभं राहावं लागतं. दोन मोठ्या बाटल्या आणि ५० मिलिलिटरच्या बारा छोट्या घेतल्या की बरोबर दोन लिटर होतात, आणि कॉलनीत वाटायलाही सोयीचं. नवऱ्याचा आणि बायकोचा वाटा एकत्र धरत नाहीत, पावत्या आणि बाटल्या ज्याच्या त्याच्या बॅगेत ठेवा. बाटल्या चेक-इन सामानातच, जाड मोज्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. ७० टक्क्यांपेक्षा तीव्र काहीच नेता येत नाही. विमान आखाती देशातून बदलणार असेल तर हातातली ड्यूटी-फ्रीची पिशवी परतीच्या तपासणीत अडकू शकते, तिचं सील तोडू नका.

घरी आल्यावर महाराष्ट्राचा कायदा लागू. इथे व्हिस्कीसाठी वय २५ लागतं आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. ग्लासगोत चालेल म्हणून विशीतल्या मुलाच्या हाती बाटली देऊ नका.

बाटली उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको. तीव्र अल्कोहोल बूच खातं आणि चवीत लाकडाचा कुजका वास उतरतो. खिडकीपासून लांब, कपाटात. ठाण्याच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत तर नकोच. अर्ध्याखाली आली की आतल्या हवेने वास उडायला लागतो, तेव्हा ती दिवाळीपर्यंत राखून ठेवण्यापेक्षा लहान बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावा.